वाऱ्यावर निवणारं इंजिन

९ जानेवारी

दादा,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. तू काम करतोस त्या वरच्या स्टेशनात टपाल येतं की नाही हे विचारायला मी रोपवेच्या ऑफिसात फोन केला होता. तिथल्या बाईंनी 'कोण बोलतंय' म्हणून विचारलं. मी 'बहीण' म्हणाले, तर त्या म्हणाल्या, 'त्यांना बहीण आहे?' असो. राग नाही आला. म्हणजे थोडा आला.

बातमी अशी की आईने गाडीवरची ताडपत्री काढली.

रविवारी मी दुकान बंद करून घरी गेले (चष्म्याचं दुकान अजून तिथेच आहे, बाजारात, फक्त पाटी बदलली), तर गॅरेजचं दार सताड उघडं. बाबांची गाडी उघड्यावर. तीच गोल पाठीची, दोन दारांची, इंजिन मागे नि डिकी पुढे. तू बंद पडलेली घाटातून ओढत आणलीस आणि त्याच आठवड्यात बाबांनी तिच्यावर ताडपत्री टाकली, ती तेव्हापासून. बाबा गेल्यावरही कुणी हात लावला नव्हता. आई मागचं झाकण उघडून आत टॉर्च मारून बघत होती. डोक्याला रुमाल, हातांत रबरी हातमोजे. मला पाहून म्हणाली, "बरं झालं आलीस. धर टॉर्च."

मी विचारलं, "आई, काय चाललंय?"

"इंजिन बाहेर काढायचंय."

"कशाला?"

"विकायची तर चालू करून विकावी. बंद गाडीला कोण विचारतं?"

इतकंच बोलली. सत्तरी उलटलेली बाई, आयुष्यात कधी गाडीची चावीसुद्धा फिरवलेली नाही. तू म्हणशील, भिंगरी, तू तिला अडवलं का नाहीस? तूच ये आणि अडवून दाखव.

तब्येत उत्तम आहे तिची. तू विचारलं नाहीस, तरी सांगते.

भिंगरी


२ फेब्रुवारी

दादा,

उत्तर नाही आलं. चालेल. मी लिहीत राहणार, कारण इथे जे चाललंय ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही आणि दुकानातल्या गिऱ्हाइकांना सांगून सांगून ती आता नंबर न तपासताच पळायला लागलीत.

इंजिन बाहेर आलं. लेथवाले काका आठवतात? स्टेशनमागच्या शेडमधले, मोठ्या आवाजाचे, सगळ्या गावाला सल्ला देणारे. आई त्यांच्याकडे गेली तेव्हा मी सोबत होते. ते आधी हसले. म्हणाले, "सिस्टर, हे भंगारात द्या आणि सुखाने घरी बसा."

आई म्हणाली, "तुमचं अपेंडिक्स फुटलं होतं तेव्हा डॉक्टरांनी असंच म्हटलं असतं तर?"

काका दुसऱ्या दिवशी स्वतः जॅक घेऊन दोन माणसांसह हजर झाले. आईने सगळी नोकरी ऑपरेशन थिएटरमध्ये काढली. निम्म्या गावाला तिने आतून पाहिलंय. तिच्यापुढे बढाया मारणं तसं अवघडच.

दादा, मला वाटलं होतं इंजिन म्हणजे मोठं काहीतरी असेल. ते चार बोल्टांवर लटकत होतं! चार बोल्ट काढले आणि अख्खं इंजिन जॅकवर बसून हळूच खाली आलं, एखादं बाळ हातात यावं तसं. आई क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "एवढंच?" तो तुच्छतेचा सूर नव्हता. एवढ्याशा गोष्टीने आम्हा चौघांना इतकी वर्षं डोंगरावर नेलं आणि आणलं, ह्याचं ते आश्चर्य होतं.

आता गॅरेजचं थिएटर झालंय. लांब टेबलावर पांढरी चादर, त्यावर ट्रे, प्रत्येक ट्रेला चिठ्ठी. काढलेला नट ज्या बोल्टचा, त्याच बोल्टवर पुन्हा फिरवून ठेवायचा, हा तिचा नियम. वरचं पत्र्याचं मोठं आवरण, ज्यात पंखा असतो, ते सुटलं तसं अख्खं उचलून कोपऱ्यात ठेवलंय. ते सगळ्यात शेवटी साफ करायचं.

मला ह्यातलं काही कळत नव्हतं. आईलाही नव्हतं, पण ती रात्रीचं वाचते आणि सकाळी मला शिकवते. ह्या इंजिनाला पाणी नाही, दादा. तुला हे माहीतच असणार, पण मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी खुर्चीत बसले. पाण्याची टाकी नाही, नळ्या नाहीत. आत सतत आग पेटलेली आणि तिला शांत करायला फक्त तेल आणि वारा. सिलिंडरला बाहेरून पातळ पातळ पाती असतात, एकाखाली एक, वहीच्या पानांसारखी. पंखा वारा ढकलतो, वारा त्या पानांमधून निघून जातो आणि उष्णता सोबत नेतो. इतकंच. मी एक सिलिंडर उन्हात धरला आणि त्या पात्यांमधून फुंकर घातली. पलीकडे आईच्या हाताला लागली. "लागली," ती म्हणाली आणि आम्ही दोघी येड्यासारख्या हसलो.

मग तिसरा सिलिंडर निघाला.

त्यातल्या पिस्टनला भोक पडलंय. वाल्व्हचं, म्हणजे झडपेचं, डोकं तुटून त्याच्यातून आरपार गेलंय. बाकीचे तिन्ही धडधाकट. काका म्हणाले, "हा फार तापला. कुणीतरी फार पिटाळली असणार गाडी." मग शेवटची चालवणारा तू होतास हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी तोंड फिरवलं.

 आईने तो पिस्टन कापसात गुंडाळून वेगळा ठेवला.

भिंगरी


२१ फेब्रुवारी

दादा,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस. बस कुठेतरी.

तू ती गाडी पिटाळली नव्हतीस.

मी तुला हे आधीही म्हटलं असतं, पण तेव्हा ते नुसतं बहिणीचं म्हणणं झालं असतं. आता मी ते डोळ्यांनी पाहिलंय, भिंगातून पाहिलंय, आणि लेथवाल्या काकांनीही पाहिलंय, म्हणजे एव्हाना गावाला कळलं असणार.

काल आईने कोपऱ्यातलं ते पत्र्याचं आवरण साफ करायला घेतलं. आत हात घातला. कोपरापर्यंत. आणि थांबली. थिएटरात डॉक्टर असे थांबले की सगळे श्वास रोखतात, असं ती सांगायची. मी तसाच रोखला. मग तिने काहीतरी ओढलं. ते सुटेना. तिने सावकाश, बोटांनी चाचपत, कडेकडेने सोडवलं आणि बाहेर काढलं.

फडकं होतं. भाजून पुठ्ठ्यासारखं कडक झालेलं, अर्धं काळं, पण एका टोकाला रंग उरला होता. हिरवा. थिएटरच्या जुन्या गाउनचा हिरवा.

"हे माझं शिवण आहे," आई म्हणाली. "दुहेरी दुमड. मीच करून दिलेली ह्यांना."

ती फडकी आठवतात ना? बाबा दर रविवारी त्यांनी गाडी पुसायचे आणि दुसऱ्या कुणाला त्यांना हात लावू द्यायचे नाहीत. घाटावर नोकरीच्या मुलाखतीला तू गाडी मागितलीस, तेव्हा त्यांनी आदल्या संध्याकाळी ती आतून बाहेरून पुसली. 'पोरगा नोकरी मागायला चाललाय, गाडी चकचकीत पाहिजे.' हे मला आठवतंय. तुला आठवतं का माहीत नाही. तुला नंतरचंच आठवत असेल.

फडकं पंख्याच्या तोंडाशी राहिलं असणार. इंजिन सुरू झालं, पंख्याने ते आत ओढलं. तेल निववणारी एक छोटी जाळी त्या आवरणाच्या आत उभी असते, तिला ते जाऊन चिकटलं. आणि त्या जाळीच्या बरोबर पाठीमागे, वाऱ्याच्या वाटेवर, तिसरा सिलिंडर. वाराच बंद, दादा. तू घाट कितीही सांभाळून चढला असतास तरी त्याला वारा मिळणार नव्हता.

मी दुकानातून मोठं भिंग आणलं. फडक्यावर जाळीच्या रेषा उमटल्यात, एकसारख्या, जवळजवळ. आणि जाळीवर कापडाची वीण उमटलीय, उभा धागा, आडवा धागा, सगळं दिसतं. दोन्ही एकमेकांवर ठेवलं तर बसतं. इतकी वर्षं अंधारात ती दोघं एकमेकांना घट्ट धरून बसली होती.  

काका गेल्यावर मी आईला विचारलं, "बाबांना माहीत होतं?"

"नाही."

मग ते फडकं ट्रेमध्ये ठेवत म्हणाली, "पण शंका होती. एक फडकं कमी आहे हे त्यांना कळलं नसेल होय? साधं घड्याळ बंद पडलं तरी उघडून बसणारा माणूस. आणि ह्या इंजिनाला एक पाना लावला नाही त्यांनी. ताडपत्री टाकली."

"म्हणजे?"

"असे नातेवाईक मी खूप पाहिलेत गं. रिपोर्ट तयार असतो, पण न्यायला येत नाहीत. न बघितलं तोवर ते खरं नसतं ना."

बाबा तुला अंगणात सगळ्यांदेखत 'खोटारडा' म्हणाले. तू म्हणालास, 'मी सावकाश चालवली', तेवढंच, आणि पुन्हा म्हणाला नाहीस, घर सोडून वर निघून गेलास. त्या दिवशी आई ड्यूटीवर होती. ती मला काल म्हणाली, "मी असते तर निदान विचारलं असतं, आत बघितलंत का?"

बाबांची बाजू घेऊन मी काही लिहिणार नाही. मला ती घेता येत नाही आणि सोडताही येत नाही. शेवटच्या आजारपणात ते एकदा मला म्हणाले होते, 'वर थंडी फार असते ना?' कुठे वर, ते बोलले नाहीत. मी 'असते' म्हणाले.

भिंगरी


१९ मार्च

दादा,

पार्सल मिळालं.

पंख्याचा नवा कोरा पट्टा, त्यावर चिठ्ठी नाही, पत्ता मात्र तुझ्या अक्षरात. तुझा 'ग' अजून तसाच उलट्या हुकासारखा. आईने पट्टा नाकाशी धरला, मग दोन बोटांत दाबून पाहिला आणि म्हणाली, "बरोबर मापाचा पाठवलाय." मग आत जाऊन नळ सोडून तोंड धूत बसली. बराच वेळ नळ चालू होता. 

आता कामाचं. इंजिन पूर्ण सुटलं. ते मधोमध दोन भागांत उघडतं, ठाऊक आहे? अक्रोडासारखं. मधे क्रँक, म्हणजे सगळं फिरवणारा दांडा, झोपलेला. काकांनी तो मोजला. मोठ्या ऐटीत मोजला, तीनदा, आणि तिसऱ्यांदा आवाज खाली आणून म्हणाले, "सिस्टर, ह्याला काही झालेलं नाही." मी भिंगाने पाहिलं. मी आयुष्यभर काचा घासल्यात, मला घासलेला पृष्ठभाग कळतो. इतका गुळगुळीत धातू मी पाहिला नव्हता. काका म्हणतात, क्रँक चालताना बेअरिंगला टेकतच नाही, मधे तेलाचा पडदा असतो, केसाहून पातळ, त्या पडद्यावर तो तरंगत फिरतो. म्हणजे बाबा आपल्याला शाळेत सोडायचे, डोंगरावर न्यायचे, आपण मागे भांडायचो, तू माझ्या वेण्या ओढायचास, आणि तेवढा वेळ आपल्या पाठीमागे हा लोखंडाचा दांडा तेलावर तरंगत होता. आपल्याला कुणी सांगितलंच नाही.

नवा पिस्टन, नवे वाल्व्ह, नव्या रिंगा. दोन्ही भाग जोडायच्या आधी आईने क्रँकवर तेल ओतलं आणि मला म्हणाली, "फिरव." मी एक बोट लावलं. दादा, एका बोटाने फिरला. मी बोट काढून घेतलं तरी थोडा फिरतच राहिला.

मग फजिती. सगळं जोडून झालं, काका हात पुसत होते, आणि आईने ट्रे मोजायला घेतले. एक वॉशर उरला.

"एखादा उरतोच हो," काका म्हणाले.

"टाके घालताना कात्री उरली नाही तर ती पोटात असते," आई म्हणाली. "आणि वॉशर उरला तर तो पोटात नसतो. उघडा."

"सगळं?"

"सगळं."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे. सगळं पुन्हा सोडलं. वॉशर आतल्या एका नटाखालचा निघाला. राहिला असता तर तिथून तेल झिरपत राहिलं असतं आणि एक दिवस इंजिन कोरडं पडलं असतं. काकांनी तो बसवला आणि आईला चक्क हात जोडले. आई म्हणाली, "हात जोडू नका, नट आवळा."

तुला एक गोष्ट सांगितली नव्हती. आई गाडी विकणार नाही. मला हे पहिल्या आठवड्यातच कळलं होतं, कारण तिने मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं होतं. शिकवणारा तिला घाबरतो. चढावर त्याचाच पाय थरथरायला लागला तर ती त्याला म्हणाली, "लांब श्वास घे बाळा, काही होत नाही."

ती कुठे जायला शिकतेय, ते मी लिहीत नाही. तुला कळतं.

भिंगरी


१३ एप्रिल

दादा,

चालू झालं.

आधी नुसतंच फिरलं, खोकलं, बंद. पुन्हा फिरलं, बंद. काकांनी कार्ब्युरेटरवर काहीतरी फिरवलं. आई स्टिअरिंगशी बसलेली, पाठ सरळ, जणू परीक्षेला. तिने पुन्हा चावी फिरवली आणि ते एकदम सुरू झालं. धूर आला खूप, काका ओरडले, "जळू द्या, जळू द्या, नवं तेल आहे!" मग धूर निवळला आणि तो आवाज राहिला. तुला कसा सांगू? आपण अंथरुणात असताना बाबा बाहेर गाडी गरम करायचे तेव्हाचा आवाज. शिवणयंत्रासारखा, पण खोल. मी तो आवाज विसरले होते. माझे कान विसरले नव्हते.

मी मागे जाऊन पंख्यापाशी हात धरला. वारा लागत होता. तिसऱ्या सिलिंडरच्या बाजूला, खालून, गरम वारा बाहेर येत होता. मी तिथेच उकिडवी बसून राहिले. हात भाजेपर्यंत.

आईने लायसन्स काढलं. फोटोत ती रागावलेली दिसते. तशी नव्हती.

मी तिला सांगितलं, आधी दादाला विचारू या का? ती म्हणाली, "विचारलं तर तो नाही म्हणेल. आणि मग त्याला नाही म्हटल्याचं घेऊन बसावं लागेल. आपण जाऊ. दार लावलं तर परत येऊ. घाट उतरायला सोपा असतो."

घाटावरचा बर्फ हटून रस्ता मोकळा झाला की निघतो. मी तुला कळवतेय, तिला न सांगता. दार लावायचं असेल तर आत्ताच काय ते कळव, दादा. तिला तुझ्या अंगणात उभी करून लावू नकोस.

भिंगरी


९ मे

दादा,

मी सुखरूप पोचले. बसमध्ये खिडकी मिळाली. घर रिकामं आहे आणि गॅरेजही. मी तिथे जाऊन उगाच दिवा लावून आले. आईला सांग, झाडांना पाणी घातलं. ती तिथे हवी तितकी राहू दे. तू म्हणालास 'बर्फ पडेपर्यंत', ते मी ऐकलंय, आता शब्द फिरवू नकोस.

तिथे असताना मला काही बोलता आलं नाही, तू पाहिलंसच. म्हणून लिहिते. तू नव्हतास तेवढं तरी तुला कळायला हवं.

सकाळी निघालो. पायथ्यापर्यंत आईने सावकाशच हाकली. मागून ट्रकवाले हॉर्न मारत होते, ती बाजूला होऊन त्यांना जाऊ द्यायची आणि पुन्हा आपल्या चालीने. चढ सुरू झाला तशी तिने काच खाली केली. गार वाऱ्यासाठी असेल असं मला वाटलं. ती ऐकत होती. रस्ता पाहत होती समोर, पण सगळं ध्यान पाठीमागे. थिएटरात अशीच उभी राहत असेल ती, डॉक्टरांच्या हाताकडे बघत आणि रुग्णाचा श्वास ऐकत.

अर्ध्यावर थांबलो. तिने मागचं झाकण उघडलं आणि पत्र्याला हाताची मागची बाजू लावली, आपल्याला ताप आला की लावायची तशी. "ठीक आहे," म्हणाली. आम्ही दगडावर बसून पाणी प्यायलो. खाली सगळं खोरं पसरलेलं, आणि वर तुझ्या रोपवेची तार, इतकी बारीक की दिसली की नाहीशी व्हायची. तिच्यावरून एक ठिपका सरकत होता. "त्यात माणसं असतात?" आईने विचारलं. मी हो म्हणाले. "आणि तो ती सांभाळतो," ती म्हणाली. हे तिने मला सांगितलं नाही, स्वतःलाच सांगितलं.

पुढे ते वळण आलं. दगडी कठड्याचं, जिथे गाडी बंद पडल्यावर तू दिवसभर एकटा तिच्याजवळ बसला होतास.

"इथेच ना?"

"हो."

"बरं," ती म्हणाली आणि गिअर बदलला. इंजिनाचा सूर एकदा खाली आला, मग वर चढला, आणि आम्ही वळण घेतलं. तिने मान वळवून पाहिलं नाही. मी पाहिलं. कठडा मागे गेला, लहान झाला, नाहीसा झाला, आणि मला रडू फुटलं. आई म्हणाली, "रुमाल पुढच्या कप्प्यात आहे. आवाज करू नकोस, मला ऐकू येत नाही."

तेवढा घाट ती आणि ते छोटं इंजिन चढली, दादा, एक थेंब पाण्याशिवाय. माणसाने असं काही बनवलं, दुसऱ्याने ते मोडलं, आणि माझ्या आईने ते हाताने पुन्हा उभं केलं. ह्यातलं मला नेमकं कशाचं जास्त आश्चर्य वाटतं, ते अजून ठरत नाही.

मग तुमचं ते मोठं अंगण. तू मधोमध उभा होतास. तुझे केस पांढरे झालेत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आईने गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला, पण इंजिन बंद केलं नाही. विसरली, की मुद्दाम, कोण जाणे. मला वाटलं तू दार उघडशील. तू आमच्याकडे पाहिलंच नाहीस. सरळ गाडीच्या मागे गेलास आणि झाकण उघडलंस.

आई उतरली. कपडे झटकले. सावकाश चालत मागे आली आणि तुझ्या शेजारी उभी राहिली.

मी आतच होते, पुढच्या सीटवर, आणि बाजूच्या आरशात तुम्हाला बघत होते. तू खाली वाकून आत कान दिला होतास. ती तुझ्या चेहऱ्याकडे पाहत होती. तू हात आत घातलास, तिसऱ्या सिलिंडरच्या बाजूला, मी घातला होता तसाच, आणि तिथेच ठेवलास. वारा लागत असणार. तिने तुझ्या पाठीवर हात ठेवला. तू हलला नाहीस, सरकलाही नाहीस.

थोड्या वेळाने तिने हाक मारली, "अगं, चावी फिरव. बंद कर आता."

मी चावीला हात लावला होता, दादा. आरशात पाहिलं, तर तू मान हलवत होतास, नको, म्हणून. मी हात काढून घेतला आणि ते चालू दिलं.

भिंगरी